तीन सेन्सर बदलले, तरी आयडलिंग हेलकावे खाते

प्रश्न : माझ्याकडे वडिलांनी २००६ साली घेतलेली मारुती एस्टीम आहे. दीड वर्षापूर्वी तिच्या १.३ लिटर इंजिनाचे काम काढले, तेव्हा हेड फेसिंग करून (हेडचा तळ घासून सपाट करून) व्हॉल्व्ह उघडणारा २७२ अंशांचा कॅमशाफ्ट, ४-२-१ हेडर (एक्झॉस्टचे चार पाईप आधी दोन आणि मग एक करणारा जोड) आणि जुन्या बाजारातून आणलेली, इंजिनात जाणारी हवा कमी-जास्त करणारी मोठी थ्रॉटल बॉडी बसवली. थ्रॉटल बॉडीसाठी लेथवर ॲल्युमिनियमची प्लेट करून घेतली. सकाळी गाडी नीट चालू होते, पण बाजारात पंधरा-वीस मिनिटे फिरल्यावर काटा १,००० ते १,८०० आरपीएममध्ये सारखा वर-खाली जातो आणि सिग्नलला एसी लावला की कधी कधी इंजिन बंद पडते. पेट्रोलचा वास येतो, प्लग काळे निघतात आणि ॲव्हरेज १४ वरून ९ वर आले आहे. पीयूसीमध्ये गाडी नापास झाली. कार्बन मोनॉक्साइड ३.४ टक्के आला. मॅप सेन्सर, थ्रॉटल पोझिशन सेन्सर आणि ऑक्सिजन सेन्सर असे तिन्ही बदलून झाले, तरी फरक नाही. स्कॅनरवरचे आकडे आणि थ्रॉटल बॉडीचे फोटो सोबत पाठवत आहे. आता ईसीयूच (इंजिनाचा संगणक) बदलावा का?
— एक वाचक, सांगली

उत्तर :

आपण पत्रासोबत स्कॅनरवरचे आकडे पाठवलेत, त्यामुळे माझे निम्मे काम आपणच केले आहे. ते आकडे आणि फोटो दोन-तीनदा शांतपणे पाहिल्यावर माझे मत असे झाले की, आपण बदललेल्या तीन सेन्सरपैकी एकही बहुधा खराब नव्हता. तेव्हा ईसीयूचा विचार आज बाजूला ठेवा. आपल्या गाडीत एक नव्हे तर तीन वेगवेगळे दोष एकमेकांत गुंतले आहेत, ते तिन्ही हवा, उष्णता आणि बसवणुकीचे आहेत आणि त्यांच्या जोडीला एक गोष्ट अशी आहे की जी दोष नसून त्या कॅमशाफ्टचा स्वभाव आहे. हे चार धागे सुटे केल्याशिवाय कोणताही नवा सुटा भाग घेण्यात अर्थ नाही.

सुरुवात मॅप सेन्सरपासून करू, म्हणजे मॅनिफोल्डमधला (इंजिनात हवा नेणाऱ्या नळ्यांमधला) दाब मोजणाऱ्या सेन्सरपासून, कारण या इंजिनाचा सगळा हिशेब त्याच्यावर चालतो. इग्निशन चालू आणि इंजिन बंद अशा स्थितीत आपल्या स्कॅनरवर ९५ किलोपास्कल हा आकडा आला आहे. सांगली समुद्रसपाटीपासून साधारण साडेपाचशे मीटर उंचीवर आहे आणि त्या उंचीवर हवेचा दाब तेवढाच असतो. हीच गाडी रत्नागिरीला नेली तर तिथे १०१ च्या आसपास आकडा दिसेल आणि महाबळेश्वरला ८६ च्या आसपास. म्हणजे नवा सेन्सर खरे बोलतो आहे. काढलेला जुना सेन्सर आपल्याकडे असेल तर तो कपलरला लावून हीच तपासणी करा. त्याचाही आकडा ९५ च्या जवळ आला आणि रबरी नळीने थोडी हवा ओढल्यावर तो सुरळीत खाली गेला, तर तो सेन्सर जपून ठेवा, तो चांगला आहे. कोणताही सेन्सर बदलण्याआधी त्याला असा एक प्रश्न विचारावा की ज्याचे उत्तर आपल्याला आधीच ठाऊक आहे. या पद्धतीने माझे आणि माझ्याकडे आलेल्या अनेकांचे पैसे वाचले आहेत.

आता आयडलवरचा, म्हणजे ॲक्सिलरेटर न दाबता इंजिन चालत असतानाचा आकडा पाहा. मूळ कॅमशाफ्ट असलेले निरोगी इंजिन गरम होऊन आयडलवर चालत असताना मॅनिफोल्डमध्ये साधारण ३० ते ३५ किलोपास्कल दाब असतो. आपल्याकडे तो ५४ आहे. यातला काही भाग कॅमशाफ्टमुळे आहे: २७२ अंशांच्या कॅममध्ये इनलेट आणि एक्झॉस्ट व्हॉल्व्ह बराच वेळ एकत्र उघडे राहतात, कमी आरपीएमला जळालेला थोडा वायू उलटा मॅनिफोल्डमध्ये येतो आणि व्हॅक्यूम कमी होतो. कॅम राहील तोवर हा भाग राहणार. परंतु एवढ्या कॅमने दाब ४२ ते ४५ पर्यंत जाणे मी समजू शकतो. ५४ हा आकडा सांगतो की बाकीची हवा दुसऱ्या कुठल्या तरी वाटेने येते आहे.

इथे एक फरक नीट ध्यानात घ्या, कारण व्हिडिओ पाहून काम करणाऱ्या बऱ्याच जणांची गल्लत नेमकी इथेच होते. ज्या गाड्यांत हवेचे प्रत्यक्ष मोजमाप करणारा एअरफ्लो सेन्सर असतो, त्यांत मागच्या बाजूने चोरून आलेली हवा मोजली जात नाही, म्हणून मिश्रणात पेट्रोल कमी पडते आणि इंजिन मिसिंग करते. एस्टीमच्या इंजिनात हवा मोजली जात नाही. मॅनिफोल्डमधला दाब, आरपीएम आणि हवेचे तापमान यांवरून ईसीयू तिचा अंदाज बांधतो. त्यामुळे चोरवाटेने आलेली हवासुद्धा दाबाच्या रूपाने हिशेबात धरली जाते, तिला पुरेल एवढे पेट्रोलही सोडले जाते आणि इंजिन मिसिंग करण्याऐवजी आयडलिंगच वाढते. आपल्या गाडीत हेच घडते आहे.

याचा सर्वांत मोठा पुरावा आपण पाठवलेल्या आकड्यांमध्येच आहे आणि तो आपल्या नजरेतून सुटला आहे. आयडल एअर कंट्रोल व्हॉल्व्हच्या पुढे शून्य लिहिले आहे. ईसीयूने आयडलची हवा कमी करण्यासाठी तो व्हॉल्व्ह पूर्ण बंद केला आहे, तरीही आरपीएम उतरत नाही. आता त्याच्या हातात एकच उपाय उरतो. ॲक्सिलरेटरवरून पाय काढलेला आहे आणि आरपीएम मात्र ठरावीक मर्यादेच्या वर आहेत, हे पाहून ईसीयू समजतो की गाडी उतारावर आहे आणि इंजिनाला पेट्रोलची गरज नाही, म्हणून तो इंजेक्टर बंद करतो. पेट्रोल थांबताच काटा झपकन खाली येतो. खालची मर्यादा ओलांडली की इंजेक्टर पुन्हा सुरू होतात, जास्तीची हवा तयारच असते, काटा पुन्हा वर जातो. आपण ज्याला हेलकावे म्हणता ते या दोन मर्यादांमधले फेरे आहेत. थंड इंजिनात ही पेट्रोल तोडण्याची मर्यादा बरीच वर असते, म्हणून सकाळी त्रास होत नाही आणि इंजिन तापल्यावर सुरू होतो. आपल्या ईसीयूची विचारशक्ती शाबूत आहे, हेच यातून दिसते.

मग ही हवा येते कुठून? आपण पाठवलेला दुसरा फोटो मोठा करून पाहा. थ्रॉटल बॉडीच्या बाजूला, केबल जिथे अडकते त्या तुकड्याच्या खाली, एक छोटा स्टॉप स्क्रू आहे आणि त्यावर कारखान्यात लावलेला रंगाचा ठिपका मधोमध तुटलेला आहे. लॉकनटच्या बाहेर स्क्रूचे तीन-चार आटे स्वच्छ चमकत आहेत, तर बाकीच्या आट्यांवर जुना काळपट थर आहे. म्हणजे हा स्क्रू अलीकडे आत फिरवला गेला आहे. नव्या कॅममुळे इंजिन सुरुवातीला आयडलवर टिकत नसणार, म्हणून मेकॅनिकने स्क्रू फिरवून थ्रॉटलची पट्टी थोडी उघडी ठेवली. कार्ब्युरेटरच्या काळात हा उपाय बरोबर होता आणि त्या काळात तयार झालेला हात आजही सवयीने तिकडेच जातो, त्यात त्याचा वाईट हेतू नाही. मात्र पट्टी उघडी राहिल्यावर थ्रॉटल पोझिशन सेन्सरचा व्होल्टेज वाढला असणार. आपण लिहिले आहे की नवा सेन्सर बसवताना मल्टीमीटर लावून, सेन्सर फिरवून, तो पुन्हा अर्ध्या व्होल्टवर आणला. आकडा जुळला, पण त्याचा अर्थ बदलला. पट्टी उघडी असताना सेन्सर ईसीयूला ती बंद असल्याचे सांगतो आहे आणि ईसीयू त्यावर विश्वास ठेवून पेट्रोल तोडतो आहे. सेन्सरचे दोन स्क्रू ढिले करून आकडा जुळवण्याआधी पट्टी खरोखर कुठे आहे हे डोळ्यांनी पाहायला हवे होते.

दुरुस्ती अशी करावी. एअर फिल्टरचा पाईप काढून थ्रॉटल बॉडी उघडी करा आणि आतला काळा थर क्लीनर आणि मऊ कापडाने पुसून घ्या. केबलला थोडी ढील द्या, म्हणजे केबल पट्टीला ओढून धरणार नाही. लॉकनट सैल करून स्टॉप स्क्रू इतका मागे घ्या की पट्टी पूर्ण बंद होईल, मग तो पुढे आणत पट्टी बोअरच्या भिंतीत अडकण्याचे थांबेल तिथपर्यंतच आणा. बोटाने पट्टी उघडून सोडली की ती न चिकटता बसली पाहिजे, एवढीच खूण. त्यानंतर सेन्सर फिरवून बंद स्थितीचा व्होल्टेज मूळ जागी आणा आणि पट्टी हाताने सावकाश पूर्ण उघडत मल्टीमीटरवर व्होल्टेज कुठेही न अडखळता सुमारे चार-साडेचार व्होल्टपर्यंत चढतो ना, ते पाहा.

दुसरी संशयाची जागा म्हणजे लेथवर करून घेतलेली ती प्लेट. फोटोत तिच्या एका कोपऱ्यात पॅकिंगचा कागद बोल्टच्या भोकापाशी आत सरकलेला दिसतो. हातोडीने कडा ठोकून कापलेल्या पॅकिंगमध्ये असे होते. ती प्लेट सपाट काचेवर बारीक पॉलिश पेपर ठेवून दोन्ही बाजूंनी घासून घ्या, जिथे घासल्याची खूण उमटणार नाही तिथे ती खोल आहे असे समजा आणि पॅकिंग चांगल्या कागदाचे नव्याने कापा. गळती शोधण्यासाठी इंजिन चालू असताना कार्ब क्लीनरचा फवारा मारण्याची पद्धत सर्रास दिसते. तापलेला हेडर काही इंचांवर असताना ती वापरू नका, आग लागण्याचा धोका खरा आहे. साध्या पाण्याचा बारीक फवारा प्लेटच्या सांध्यावर, इंजेक्टरच्या बुडाशी आणि मॅनिफोल्डच्या कडेने मारा. गळती असेल तिथे पाणी क्षणभर फट बुजवते आणि इंजिनाचा सूर बदलतो. वायरचे कपलर आणि प्लगची टोके मात्र पाण्यापासून झाका.

याहून सोपी तपासणीही आहे. या इंजिनात एअरफ्लो सेन्सर नसल्यामुळे फिल्टरचा पाईप काढूनही इंजिन चालते, म्हणून आयडलवर थ्रॉटल बॉडीमधले आयडल व्हॉल्व्हकडे जाणारे छिद्र बोटाने झाका. सैल कपडे आणि हात फॅन-बेल्टपासून दूर राहतील याची काळजी घ्या. सगळे ठीक असलेले इंजिन छिद्र झाकताच गुदमरते किंवा बंद पडते. आपले इंजिन तसेच हजाराच्या वर चालत राहिले, तर हवा दुसऱ्या वाटेने येते आहे हे सिद्ध झाले. मग ब्रेक बूस्टरचा पाईप, पीसीव्ही व्हॉल्व्हचा (इंजिनाच्या पोटातले वायू परत ओढणारा) पाईप आणि कॅनिस्टरचा (टाकीतली पेट्रोलची वाफ साठवणाऱ्या डब्याचा) पाईप एकेक करून पकडीने, मध्ये कापड ठेवून, दाबून पाहा. ज्याने आरपीएम उतरेल तो पाईप दोषी.

आता दुसऱ्या दोषाकडे, म्हणजे पेट्रोलच्या वासाकडे वळू. आपल्या पत्रातली सर्वांत बोलकी विसंगती इथे आहे. ऑक्सिजन सेन्सर आयडलवर ०.१ ते ०.२ व्होल्ट दाखवतो, म्हणजे मिश्रणात पेट्रोल कमी आहे असे सांगतो आणि त्याचे ऐकून ईसीयूने दीर्घकालीन फ्युएल ट्रिम (पेट्रोलच्या प्रमाणात तो स्वतः करत असलेली दुरुस्ती) १९ टक्क्यांनी वाढवले आहे. दुसरीकडे प्लग काळे आहेत आणि पीयूसीच्या यंत्राने ३.४ टक्के कार्बन मोनॉक्साइड दाखवला आहे, जेव्हा आपल्या गाडीसाठी मर्यादा ०.५ टक्के आहे. दोन साक्षीदार उलट बोलतात. पीयूसीच्या यंत्राला आपल्या हेडरशी काही देणेघेणे नाही आणि प्लगवरची काजळी खोटी नसते, म्हणून इथे ऑक्सिजन सेन्सरचीच साक्ष तपासून घ्यायला हवी. सेन्सर नवा आहे, तो खराब नाही. त्याच्यापर्यंत पोहोचणाऱ्या वायूत बाहेरची हवा मिसळते आहे.

एक्झॉस्टचा प्रवाह सलग नसतो, तो ठोक्या-ठोक्याने येतो आणि दोन ठोक्यांच्या मध्ये पाईपमधला दाब बाहेरच्या हवेपेक्षाही किंचित खाली जातो. हेडरच्या फ्लँजला (इंजिनावर बोल्टने बसणाऱ्या पट्टीला) केसाएवढी फट असली तरी त्या क्षणी ती बाहेरची हवा आत ओढते, त्या हवेतला ऑक्सिजन सेन्सरला लागतो आणि तो पेट्रोल कमी असल्याचे कळवतो. आपण लिहिले आहे की २,५०० आरपीएमला तोच सेन्सर ०.१ ते ०.९ मध्ये व्यवस्थित वर-खाली होतो. प्रवाह वाढला की फटीचा प्रभाव कमी होतो, म्हणून असे होते. सकाळी थंड इंजिन सुरू करून पहिल्या मिनिटात हेडरपाशी कान द्या, बारीक टिक-टिक ऐकू येईल. मागच्या सायलेन्सरच्या तोंडावर ओला जाड कपडा क्षणभर धरला की आतला दाब वाढतो आणि तीच टिक-टिक फुसफुशीत बदलून जागा दाखवते. फ्लँज काढल्यावर पॅकिंगवर काळा पट्टा ओढलेला दिसला, तर तीच वाट. हेडरची फ्लँज पातळ असेल तर वेल्डिंगच्या उष्णतेने ती वाकते. स्टीलची पट्टी आडवी धरून खालून फीलर गेज (फट मोजण्याची पातळ पाती) घालून पाहा, वाकलेली असेल तर सरफेस ग्राइंडिंग करून घ्या, नवे पॅकिंग लावा आणि गाडी एकदा पूर्ण तापून थंड झाल्यावर नट पुन्हा कसा. ही शेवटची पायरी बहुतेक जण विसरतात.

सेन्सरच्या जागेचाही विचार करावा लागेल. मूळ मॅनिफोल्डमध्ये तो हेडच्या अगदी जवळ होता. आपल्या हेडरमध्ये तो चारही पाईप एकत्र येतात तिथे, जवळजवळ दोन फुटांवर गेला आहे. सुमारे ३०० अंश सेल्सिअसच्या खाली हा सेन्सर कामच करत नाही, म्हणून आतल्या हीटरची वायर जोडलेली असणे आणि त्या वायरीला १२ व्होल्ट येणे आवश्यक आहे. वायर वाढवताना फोटोत दिसतो तसा पीळ देऊन टेप गुंडाळलेला सांधा ठेवू नका. असे बरेच सेन्सर तुलनेसाठी लागणारी बाहेरची हवा वायरीच्या आतूनच घेतात, म्हणून सांधा सोल्डर न करता चांगल्या क्रिम्पने करावा आणि वायर हेडरला टेकणार नाही अशी बांधावी.

तिसरा दोष आपण पत्रात जाता जाता एका वाक्यात लिहिला आहे: “उन्हाळ्यात गाडी गरम होऊ नये म्हणून मेकॅनिकने थर्मोस्टॅट काढून टाकला.” थर्मोस्टॅट म्हणजे इंजिन तापेपर्यंत कूलंटला रेडिएटरकडे जाऊ न देणारा व्हॉल्व्ह. सांगली-कोल्हापूरकडेच नव्हे, तर विदर्भापर्यंत सगळीकडे तो काढून टाकण्याची ही पद्धत आहे आणि ती मोडायला हवी. २० किलोमीटर हायवेवर चालवून आपल्याला कूलंटचे तापमान ६२ अंश दिसले. या इंजिनाने ८० च्या वर राहायला हवे. ६२ अंशांवर ईसीयूला वाटते की इंजिन अजून तापते आहे, म्हणून तो जास्तीचे पेट्रोल देत राहतो आणि आपले ॲव्हरेज घसरण्याचे मोठे कारण हेच आहे. शिवाय थंड सिलिंडरच्या भिंतीवरून पेट्रोल तेलात उतरते. डिपस्टिकला पेट्रोलचा वास येत असेल, तर या दुरुस्तीसोबत तेलही बदला. नवा थर्मोस्टॅट काही शे रुपयांत मिळतो. तो बसवल्यावर गाडी खरोखर तापू लागली, तर रेडिएटर चोकअप झाला आहे किंवा फॅन वेळेवर चालू होत नाही असे समजा आणि ते दुरुस्त करा. मीटरवरच्या काट्याचा सेन्सर आणि ईसीयूचा सेन्सर वेगवेगळे असतात, म्हणून काटा मध्यावर दिसतो यावर विसंबू नका, स्कॅनरचा आकडाच पाहा. ईसीयूच्या तापमान सेन्सरची खात्री करायची असेल तर तो थंड असताना, २० अंशांच्या आसपास, साधारण दोन ते अडीच हजार ओहम आणि ८० अंशांच्या गरम पाण्यात तीनशे ओहमच्या जवळपास दाखवतो.

या सगळ्याच्या आधी मात्र दहा मिनिटे अर्थिंगसाठी द्या. काही वर्षांपूर्वी माझ्याकडे एक जिप्सी आली होती. एका गॅरेजने तिचे इंजिन सुंदर उघडून बांधले होते, ब्लॉकला चकचकीत काळा रंग दिला होता आणि त्यानंतर महिनाभर सेन्सर बदलत होते. मीही पहिला अर्धा दिवस सेन्सरच तपासत बसलो. संध्याकाळी हेडलाइट लावला आणि आयडल ढासळले, तेव्हा लक्षात आले की अर्थची जाळीदार पट्टी नव्या रंगावरच कसली होती. बोल्टच्या आट्यांमधून जेमतेम करंट जात होता. पट्टीखालचा रंग नाण्याएवढा खरवडला आणि गाडी ताळ्यावर आली. आपल्याही इंजिनाला रंग दिलेला फोटोत दिसतो आहे. इंजिन चालू ठेवून हेडलाइट, फॅन आणि मागची काच तापवणारी जाळी असेल तर तीही लावा, मल्टीमीटरचे एक टोक बॅटरीच्या निगेटिव्ह टर्मिनलला आणि दुसरे इंजिनाच्या ब्लॉकला लावा. ०.१ व्होल्टपेक्षा जास्त आकडा आला, तर आधी ते दुरुस्त करा, नाही तर पुढचे सगळे आकडे फसवे ठरतील.

एसी लावल्यावर इंजिन बंद पडण्याचे कारण निराळे शोधू नका. काटा खाली येण्याचा क्षण आणि कॉम्प्रेसरचे ओझे पडण्याचा क्षण एक झाला की इंजिनाला सावरायला वाव मिळत नाही आणि शून्यावर बंद असलेला, बहुधा कार्बनने चिकटलेला आयडल व्हॉल्व्ह उघडायला वेळ घेतो. तो काढून क्लीनरने स्वच्छ करा. त्याची सुई हाताने ओढू किंवा दाबू नका.

हेड फेसिंग केल्यावर टायमिंग बेल्टच्या खुणा पुन्हा पाहिल्या का, हेही मेकॅनिकला विचारा. फेसिंगने हेड खाली आल्यामुळे कॅम थोडा मागे पडतो, तो फरक किरकोळ असतो. पण बेल्ट एक दात चुकला असेल तर क्रँकच्या हिशेबात पंधरा-वीस अंशांची चूक होते आणि मग मॅनिफोल्डमधला दाब कशानेही खाली येणार नाही. हवेचे सगळे मार्ग बंद करूनही आकडा ५० च्या वर राहिला, तरच बेल्टचे कव्हर उघडा.

सगळे झाल्यावर बॅटरीचे निगेटिव्ह टर्मिनल पंधरा मिनिटे काढून ठेवा, म्हणजे ईसीयूने चुकीच्या माहितीवर शिकलेले ट्रिम पुसले जाईल. मग कोणतेही ओझे न लावता इंजिन सुरू करून रेडिएटरचा फॅन दोनदा चालू-बंद होईपर्यंत आयडलवर राहू द्या आणि त्यानंतर एसी लावून पाच मिनिटे चालू ठेवा. आयडल व्हॉल्व्हचा आकडा आता शून्य सोडून साधारण पाव ते एक तृतीयांश उघडा असा दिसायला हवा. तो खूपच उघडा दिसला, म्हणजे नव्या कॅमला बंद पट्टीपेक्षा थोडी जास्त हवा हवी आहे, तर स्टॉप स्क्रू एका वेळी पाव फेऱ्याहून कमी फिरवा आणि दर वेळी आकडा पाहा. स्क्रू फिरवणे हे मुळात पाप नाही, तो ईसीयूच्या आकड्याकडे न पाहता फिरवणे चूक आहे.

यानंतरही इंजिन थोडे थरथरेल. मूळ आयडल ८०० च्या आसपास ठेवण्याचा ईसीयूचा प्रयत्न राहील आणि या कॅमला ९५० ते १,००० वर बरे वाटते. शिवाय दोन्ही व्हॉल्व्ह एकत्र उघडे असताना न जळालेली थोडी हवा थेट एक्झॉस्टमध्ये जाते, त्यामुळे ऑक्सिजन सेन्सर आयडलवर थोडी तरी दिशाभूल करणारच. ईसीयूचा प्रश्न खरे तर इथे सुरू होतो. गळत्या बंद झाल्यावर, थर्मोस्टॅट बसवल्यावर आणि पीयूसीचा आकडा पाहिल्यावरही गाडी मर्यादेत येत नसेल, तर दोनच प्रामाणिक मार्ग आहेत: मूळ कॅमशाफ्ट परत बसवणे, किंवा वाइडबँड (मिश्रणाचे नेमके प्रमाण मोजणारा) सेन्सर लावून जाणत्या माणसाकडून नव्या कॅमप्रमाणे ईसीयूचे मॅपिंग, म्हणजे त्याच्यातला पेट्रोलचा हिशेब, बदलून घेणे. पहिला मार्ग स्वस्त आहे आणि रोज बाजारात फिरणाऱ्या घरच्या गाडीसाठी मला तोच योग्य वाटतो. तापमान किंवा मॅप सेन्सरच्या वायरीत रेझिस्टर घालून ईसीयूला फसवणाऱ्या डब्या विकल्या जातात, त्या कृपया घेऊ नका. ज्याच्या हिशेबावर इंजिन चालते त्याला जाणूनबुजून खोटी माहिती देऊन ते सुधारत नाही. एका आरपीएमला जुळलेले मिश्रण दुसरीकडे बिघडते, आणि भरधाव वेगात पेट्रोल कमी पडले तर पिस्टन जळतो.

कायद्याची बाजूही लक्षात असू द्या. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार उत्पादकाच्या मूळ तपशिलांशी विसंगत बदल करता येत नाहीत आणि सर्वोच्च न्यायालयाने २०१९ च्या जानेवारीत हे स्पष्ट केले आहे. आपली गाडी पंधरा वर्षांची मर्यादा ओलांडून पुनर्नोंदणीवर चालते आहे. प्रत्येक वेळी ती आरटीओसमोर उभी राहणार आणि तिथे पीयूसी लागणारच. मूळ कॅमशाफ्ट, मूळ एक्झॉस्ट मॅनिफोल्ड आणि मूळ थ्रॉटल बॉडी आपण अजून ठेवली असेल, तर तेल लावून, कागदात गुंडाळून जपा. भंगारात देऊ नका, या गाडीचे सुटे भाग आता सहज मिळत नाहीत.

या रविवारी अर्थिंग, थर्मोस्टॅट आणि स्टॉप स्क्रू एवढीच तीन कामे करा, हेडर आणि प्लेट पुढच्या आठवड्यात. पहिल्या टप्प्यानंतर मला चार आकडे कळवा: इंजिन पूर्ण तापल्यावरचा मॅनिफोल्डमधला दाब, आयडल व्हॉल्व्हची स्थिती, कूलंटचे तापमान आणि दीर्घकालीन फ्युएल ट्रिम. हे चारही आकडे एसी बंद ठेवून, एकाच वेळी घ्या.